विषारी वायूचे सेन्सर तपासायला सिलिंडर घ्यावा की जनरेटर?

क्लोरीनचा डिटेक्टर घेताना त्याची किंमत सगळेच विचारतात. तो खरे आकडे दाखवत राहावा यासाठी दरवर्षी किती खर्च येईल, हे मात्र बहुधा ऑडिट तोंडावर आल्यावर विचारले जाते. मग घाईने कॅलिब्रेशनचा सिलिंडर मागवला जातो, दोन-तीनदा वापरला जातो आणि आत निम्म्याहून अधिक वायू असतानाच त्याची मुदत संपते. यावर तोडगा म्हणून विक्रेते बॅगेत मावणारा ‘गॅस जनरेटर’ सुचवतात. विजेच्या जनरेटरशी याचा संबंध नाही. लागेल तेव्हा लागेल तेवढाच क्लोरीन किंवा दुसरा विषारी वायू जागेवर तयार करून सेन्सरला देणारे हे उपकरण आहे. ते उपयोगाचे आहे, पण सगळ्यांना परवडणारे नाही. जलशुद्धीकरण केंद्राचे अभियंते, एमआयडीसीतले सेफ्टी ऑफिसर आणि कॅलिब्रेशनची कामे घेणारे लहान व्यावसायिक यांना आपला हिशेब मांडता यावा, म्हणून ही माहिती.

कॅलिब्रेशन टाळून का चालत नाही

विषारी वायूंसाठी बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर असतात. त्यांच्या आतला द्रव हळूहळू सुकतो, इलेक्ट्रोड थकतात आणि संवेदनशीलता घटते. बाहेरून मात्र काहीच कळत नाही. दिवा हिरवाच असतो आणि पडद्यावर शून्यच दिसते. निम्मी ताकद गमावलेला सेन्सर हवेत २ पीपीएम क्लोरीन असताना १ दाखवतो.

हा फरक क्षुल्लक नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत क्लोरीनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला १ पीपीएम आणि थोड्या वेळासाठी ३ पीपीएम होती. हायड्रोजन सल्फाइडसाठी हेच आकडे १० आणि १५, तर अमोनियासाठी २५ आणि ३५ होते. अमेरिकेतील ‘नायोश’ ही संस्था १० पीपीएम क्लोरीनला जिवाला तत्काळ धोका मानते. आपल्याकडे पाणी शुद्ध करायला वापरल्या जाणाऱ्या एका ‘टनर’मध्ये, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये, ९०० किलो क्लोरीन असतो. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडी भागात पोर्ट ट्रस्टच्या आवारात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरावर लोकांना रुग्णालयात न्यावे लागले.

इथे दोन कामांची गल्लत होते. सेन्सरला थोडा वायू देऊन अलार्म वाजतो का एवढेच पाहणे ही बम्प टेस्ट. ठाऊक असलेल्या प्रमाणाचा वायू देऊन सेन्सरचा आकडा त्याच्याशी जुळवणे हे कॅलिब्रेशन. अनेक ठिकाणी ब्लीचिंग पावडरची पुडी सेन्सरसमोर धरतात आणि अलार्म वाजला की रजिस्टरवर सही करतात. त्यातून सेन्सर जिवंत आहे एवढेच कळते. तो किती खरे सांगतो ते कळत नाही, कारण पुडीतून नेमका किती वायू निघाला हे कोणालाच माहीत नसते.

सिलिंडरचा खर्च लिटरमध्ये मोजू नका

कॅलिब्रेशनचे पुन्हा न भरता येणारे लहान सिलिंडर साधारणपणे ३४, ५८ किंवा १०३ लिटर वायूचे येतात. सेन्सरला मिनिटाला अर्धा लिटर वायू देण्याची पद्धत सर्रास आहे. त्या दराने ५८ लिटरचा सिलिंडर ११६ मिनिटे चालतो. क्लोरीनचा सेन्सर स्थिरावायला वेळ घेतो आणि सुरुवातीचा काही वायू रेग्युलेटर व नळीच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटतो, म्हणून एका सेन्सरला ५ मिनिटे आणि थोडी नासाडी मिळून ३ लिटर धरावेत. म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे १९ कॅलिब्रेशन होतात.

कागदावर हे स्वस्त दिसते. पण क्लोरीन हा स्वस्थ बसणारा वायू नाही. काही पीपीएम क्लोरीन नायट्रोजनमध्ये मिसळून भरला तरी तो सिलिंडरच्या भिंतीशी आणि ओलाव्याशी अभिक्रिया करत राहतो आणि प्रमाण घटते. त्यामुळे अशा सिलिंडरची मुदत अनेकदा वर्षाच्या आतच असते. मुदत भरण्याच्या तारखेपासून मोजली जाते, तुमच्या हाती पडल्याच्या दिवसापासून नव्हे. आयात, कस्टम आणि गोदाम यांत तीन महिने गेले, तर ते तुमच्याच मुदतीतून वजा होतात. ज्यांचे सेन्सर थोडे आहेत, त्यांचा खरा खर्च वापरलेल्या वायूचा नसून फेकून दिलेल्या वायूचा असतो.

याशिवाय रेग्युलेटर लागतो. क्लोरीनसाठी तो स्टेनलेस स्टीलचा आणि त्या वायूला चालणारा हवा. पितळी रेग्युलेटर किंवा साधी रबरी नळी वाटेतच वायू खाते, सेन्सरपर्यंत कमी प्रमाण पोहोचते आणि तुम्ही चुकीच्या आकड्याशी सेन्सर जुळवून मोकळे होता. नळी टेफ्लॉनची आणि शक्य तितकी आखूड ठेवावी.

जनरेटरच्या पेटीत काय असते

क्लोरीनच्या जनरेटरमध्ये क्लोराइडचा द्रव भरलेला एक बदलता येणारा सेल असतो. त्यातून ठरावीक वीजप्रवाह सोडला की इलेक्ट्रोडवर क्लोरीन तयार होतो. आतला छोटा पंप बाहेरची हवा गाळून आत ओढतो, त्या हवेत क्लोरीन मिसळतो आणि नळीवाटे सेन्सरच्या टोपीपर्यंत जातो. किती वायू तयार होणार हे विजेवर ठरते, आणि हा हिशेब फॅरडेच्या नियमाने पक्का बसतो. मिनिटाला अर्धा लिटर हवेत १० पीपीएम क्लोरीन हवा असेल, तर जेमतेम ०.६६ मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. म्हणूनच हे यंत्र बॅटरीवर चालते आणि बटण दाबून ५ पीपीएमचे १० करता येतात. सिलिंडरमध्ये जे प्रमाण भरले तेच मिळते.

सेल बदलला की काही यंत्रांतून दुसरा वायूही मिळतो, उदाहरणार्थ हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन सायनाइड किंवा क्लोरीन डायऑक्साइड. ओझोनसाठी पद्धत निराळी आहे. तिथे अतिनील दिवा हवेतल्या ऑक्सिजनपासूनच ओझोन बनवतो.

जनरेटर म्हणजे मुदतीच्या कटकटीतून सुटका, असे मात्र समजू नये. यंत्राचा सेलही संपतो. वापराने त्यातले रसायन खर्च होते. १० पीपीएमवर तासभर चालवले तर ५ पीपीएमच्या दुप्पट खर्च होते. न वापरताही द्रव सुकत जातो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत पेटी पडून राहिली, तर सेल वेळेआधी जाणारच. कमी वापर करणाऱ्याचा सेलही सिलिंडरप्रमाणेच तारखेने मरतो, कामाने नव्हे. विक्रेता यंत्राच्या किमतीवर भर देतो. तुम्ही सेलच्या किमतीवर आणि आयुष्यावर द्या.

अचूकतेतही फरक आहे. कार्बन मोनॉक्साइडसारख्या स्थिर वायूचा सिलिंडर साधारणपणे २ ते ५ टक्के अचूकतेचा मिळतो. क्लोरीनच्या सिलिंडरवर ५ ते १० टक्के लिहिलेले असते. जनरेटरसाठी १० टक्क्यांच्या आसपासचा आकडा नेहमी दिसतो. भिंतीवरच्या अलार्मला तेवढे चालते. प्रयोगशाळेच्या कामाला चालेलच असे नाही.

कोणत्या वायूला काय

ऑक्सिजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड: जनरेटरचा विचारही करू नका. ऑक्सिजनसाठी २०.९ टक्क्यांची मोकळी हवा आहे. बाकी दोन सिलिंडरमध्ये दीर्घकाळ टिकतात.

हायड्रोजन सल्फाइड: चांगल्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमध्ये बऱ्यापैकी टिकतो आणि चार वायूंच्या मिश्र सिलिंडरमध्येही मिळतो. फक्त याच्यासाठी जनरेटर घेणे क्वचितच परवडते.

अमोनिया: सांगली-तासगावचे बेदाण्याचे किंवा नाशिककडचे द्राक्षांचे शीतगृह असेल, तर सिलिंडरच घ्या. सेलवर चालणाऱ्या जनरेटरचा हा वायू नव्हे.

क्लोरीन आणि हायड्रोजन सायनाइड: इथे खरी निवड करावी लागते. पुढचा हिशेब क्लोरीनसाठीच आहे.

क्लोरीन डायऑक्साइड आणि ओझोन: हे सिलिंडरमध्ये साठवून ठेवताच येत नाहीत, म्हणून जनरेटरशिवाय थेट कॅलिब्रेशन होत नाही. काही सेन्सर-उत्पादक दुसरा वायू वापरून गुणकाने हिशेब करू देतात. मॅन्युअलमध्ये तसे लिहिले असेल तरच करावे.

हिशेबाची रीत

खालचे दर हिशेब कसा मांडायचा ते दाखवण्यासाठी धरले आहेत. प्रत्यक्षात आपल्या हातातल्या कोटेशनमधले आकडे घालावेत. सर्व रकमा जीएसटी सोडून आहेत.

सिलिंडर: ५८ लिटर क्लोरीनचा एक सिलिंडर २२,००० रुपये. रेग्युलेटर आणि नळी २०,००० रुपये, पाच वर्षे चालतील असे धरून वर्षाला ४,०००.

जनरेटर: यंत्र २,५०,००० रुपये, पाच वर्षांत विभागून वर्षाला ५०,०००. दरवर्षी एक सेल ६०,०००. दरवर्षीची कारखान्यातली तपासणी, प्रमाणपत्र आणि कुरिअर ३५,०००. एकूण वर्षाला १,४५,०००.

या दरांनी वर्षाला सहा सिलिंडर लागत असतील तर खर्च १,३६,००० होतो आणि सात लागले तर १,५८,०००. म्हणजे सहापर्यंत सिलिंडर स्वस्त आणि सातव्यापासून जनरेटर. तुमचे दर वेगळे असतील तर सूत्र असे: जनरेटरच्या वार्षिक खर्चातून रेग्युलेटरचा वार्षिक खर्च वजा करा आणि उत्तराला एका सिलिंडरच्या किमतीने भागा. जो आकडा येईल तो तुमचा उंबरठा.

आता तीन प्रकारचे ग्राहक पाहू.

एक केंद्र, चार सेन्सर, तिमाही कॅलिब्रेशन. वर्षाला १६ कॅलिब्रेशन, ४८ लिटर वायू, एक सिलिंडर, खर्च २६,००० रुपये. इथे जनरेटर घेणे म्हणजे पाचपटीहून अधिक पैसे मोजणे. मात्र एक पथ्य पाळावे लागेल: सिलिंडरची मुदत पुरे वर्षभराची हवी. ती आठ महिन्यांची असेल तर शेवटच्या तिमाहीसाठी दुसरा सिलिंडर लागेल आणि खर्च ४८,००० होईल. तरीही सिलिंडरच स्वस्त.

पाणीपुरवठा योजनेची आठ केंद्रे, प्रत्येकी दोन सेन्सर. वर्षाला ६४ कॅलिब्रेशन, १९२ लिटर. वायूच्या हिशेबाने चार सिलिंडर पुरेत. पण प्रत्येक केंद्राने स्वतःचा सिलिंडर आणि रेग्युलेटर ठेवला, तर आठ सिलिंडरचे १,७६,००० आणि आठ रेग्युलेटरचे ३२,००० मिळून २,०८,००० रुपये जातात. एकाच माणसाने गाडीतून सिलिंडर फिरवला, तर काम ९२,००० मध्ये होते आणि ते जनरेटरपेक्षाही स्वस्त पडते. अशा ठिकाणी यंत्र घेण्याआधी कामाची आखणी बदलावी.

कॅलिब्रेशनची कामे घेणारा व्यावसायिक, तीस ग्राहक, प्रत्येकी तीन सेन्सर, तिमाही फेरी. वर्षाला ३६० कॅलिब्रेशन, १,०८० लिटर, १९ सिलिंडर, खर्च ४,२२,००० रुपये. वापर जास्त म्हणून वर्षाला दोन सेल लागले तरी जनरेटरचा खर्च २,०५,००० होतो. याच्यासाठी निर्णय उघड आहे.

आणखी एक मार्गही विसरू नये: स्वतः काहीच न घेणे. सेवा देणाऱ्या संस्थेकडून प्रति सेन्सर दर, भेटीचा खर्च आणि प्रमाणपत्र असे तीन आकडे मागवा. चार-पाच सेन्सर असतील तर हा मार्ग बहुधा सगळ्यात कमी कटकटीचा ठरतो. मधल्या काळातल्या बम्प टेस्टची सोय कशी होणार, एवढे मात्र आधी विचारून घ्या.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

जीएसटी १८ टक्के. कंपनीला त्याचे क्रेडिट मिळू शकते. ज्या संस्थांना ते मिळत नाही, त्यांनी हिशेब करसहित किमतीवर करावा.

यंत्र आयातीचे असेल तर वार्षिक तपासणी कुठे होते ते विचारा. ते परदेशी पाठवावे लागत असेल, तर जाण्या-येण्याचा खर्च आणि त्या आठवड्यांत पर्यायी सिलिंडर, असे दोन्ही धरावे लागतात.

सेलला आधी थोडा वेळ चालवून स्थिर होऊ द्यावे लागते. तो वेळही मजुरीत मोजा. कोकणातल्या पावसाळ्यात हवेतला ओलावा गाळणारी फिल्टर जास्त वेळा बदलावी लागते.

रिकामा सिलिंडर भंगारात तसाच टाकता येत नाही. आतला उरलेला वायू मोकळ्या जागी सुरक्षितपणे सोडून आणि सिलिंडर निकामी करूनच त्याची विल्हेवाट लावावी. विक्रेता तो परत घेतो का, हे ऑर्डरच्या वेळीच लिहून घ्या.

भिंतीवरच्या सेन्सरला वायू देण्याआधी अलार्म, पंखे आणि स्क्रबर यांची जोडणी तात्पुरती थांबवावी लागते, नाहीतर कॅलिब्रेशनमुळेच सायरन वाजून सगळे केंद्र धावपळ करते. काम झाल्यावर ती जोडणी पुन्हा सुरू केल्याची नोंद दुसऱ्या माणसाच्या सहीने ठेवावी.

नेण्या-आणण्याचे आणि कागदपत्रांचे नियम

गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार ५०० मिलिलिटरहून अधिक आणि १,००० लिटरपर्यंत क्षमतेचे, दाबाखालच्या वायूचे बंद धातूचे पात्र हे ‘सिलिंडर’ ठरते. ही क्षमता पात्राची आहे, आत दाबून भरलेल्या वायूची नव्हे. कॅलिब्रेशनचे बरेच लहान सिलिंडर यात येतात. या नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेसो या संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. विक्रेत्याकडून पेसोच्या मंजुरीचा कागद मागा. परदेशी संकेतस्थळावरून परस्पर मागवलेला सिलिंडर कस्टममध्ये अडकला, तर त्याची मुदत तिथेच संपू शकते.

रेल्वेत किंवा विमानात सामान म्हणून असा सिलिंडर नेता येत नाही. मुंबईहून गोव्यातल्या केंद्रावर रेल्वेने जाणाऱ्या तंत्रज्ञासाठी जनरेटरचा हाच मोठा फायदा आहे. पण सेलमध्येही रसायन असते. विमानाने न्यायचे असेल तर सेलचे सेफ्टी डेटा शीट सोबत ठेवून विमान कंपनीची आधी परवानगी घ्यावी.

ऑडिटमध्ये विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: तुम्ही ज्याच्याशी तुलना केली, त्याचे प्रमाण कोणी ठरवले? सिलिंडरसोबत बॅच क्रमांक, प्रमाण, अनिश्चितता आणि मुदत लिहिलेले प्रमाणपत्र हवे. जनरेटरसाठी चालू वर्षाचे, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मानकाशी साखळी जोडणारे प्रमाणपत्र हवे. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे कागद चालतात, पण तिची मान्यता याच वायूसाठी आणि याच पल्ल्यासाठी आहे का, ते तिच्या स्कोपमध्ये पाहावे. नुसता लोगो पुरत नाही.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

सेलचे आयुष्य पीपीएम-तासांत किती आणि न वापरता किती महिने? वॉरंटी यंत्रावर आहे की सेलवरही? सेल पुरवायला किती आठवडे लागतात आणि पुढच्या तीन वर्षांचा दर आजच लिहून देणार का? किती तापमानापर्यंत यंत्राची अचूकता टिकते? आमच्या सेन्सरच्या मॅन्युअलमध्ये दिलेला प्रवाह हे यंत्र देते का? सिलिंडर असेल तर आमच्या हाती पडताना किमान किती महिने मुदत शिल्लक असेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर खरेदी आदेशात अट म्हणून घाला आणि कमी मुदतीचा माल परत करण्याचा हक्क राखून ठेवा.

सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराचा घोळ इथेही होतो. निविदेत फक्त यंत्राची किंमत मागितली, तर स्वस्त यंत्र आणि महाग सेल असणारा विक्रेता जिंकतो. दर ‘यंत्र, तीन वर्षांचे सेल आणि तीन वार्षिक प्रमाणपत्रे’ असे एकत्र मागवावेत आणि तुलना त्या बेरजेवर करावी.

तक्रारीबद्दल एक सावधगिरी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यावसायिक कारणासाठी खरेदी करणाऱ्याला ग्राहक मानत नाही, त्यामुळे कारखान्याला ग्राहक आयोगाकडे दाद मागणे अवघड जाते. स्वयंरोजगार म्हणून, उपजीविकेसाठी यंत्र घेणाऱ्या एकट्या तंत्रज्ञाला मात्र कायद्याने अपवाद दिला आहे. इतरांचे संरक्षण म्हणजे खरेदी आदेशातल्या अटी, म्हणून त्या लेखी आणि नेमक्या असाव्यात.

निष्कर्ष

तुमच्याकडे क्लोरीन डायऑक्साइड किंवा ओझोनचे सेन्सर असतील, तर जनरेटर घ्या किंवा ज्याच्याकडे तो आहे अशाकडून काम करून घ्या. क्लोरीनचे सेन्सर मोजके आणि एकाच ठिकाणी असतील, तर ताज्या मुदतीचा सिलिंडर पुरेसा आहे. सेन्सर अनेक ठिकाणी विखुरलेले असतील, तर आधी एका माणसाकडे फिरती द्या आणि मगच यंत्राचा विचार करा. वर्षाकाठी शेकडो कॅलिब्रेशन करणाऱ्यानेच जनरेटर स्वतःचा घ्यावा. काहीही ठरवण्याआधी स्टोअरमध्ये जाऊन गेल्या दोन वर्षांत मुदत संपून किती सिलिंडर वाया गेले ते मोजा आणि तो आकडा घेऊनच कोटेशन मागवा.